दगडफूल : मसाल्याच्या डब्यातलं शैवाक आणि त्याच्यावर जगणाऱ्या बुरश्या



घरी गोडा मसाला करत असाल तर दगडफूल तुम्हाला माहीत असणारच. धणे, खोबरं, तीळ, तमालपत्र यांच्या सोबतीनं येणारा तो वाळलेला, कुरकुरीत पापुद्रा. वरून राखाडी, खालून काळा. कच्चा असताना वास मातकट, पण तेलात परतला की घरभर दरवळतो. मसाल्याला जो गडद, धुरकट वास येतो त्यात दगडफुलाचा वाटा मोठा. हे नेमकं काय असतं असं विचारलं तर मात्र उत्तरं गमतीदार येतात. कुणी म्हणतं झाडाची साल, कुणी म्हणतं डोंगरावरचं वाळलेलं फूल. मुलं तर नावावरून सरळ सांगतात, "दगडाला आलेलं फूल!"

ते सालही नाही आणि फूलही नाही. दगडफूल म्हणजे शैवाक. इंग्रजीत ज्याला लायकेन म्हणतात ते. शाळेच्या पुस्तकात शैवाकाबद्दल एक ठरलेलं वाक्य असतं : शैवल आणि कवक यांचं सहजीवन म्हणजे शैवाक. रिकाम्या जागा भरायला हे वाक्य उत्तम, एक गुण नक्की मिळतो. वाक्य चूक मुळीच नाही. पण भिंग घेऊन दगडफुलाकडे नीट बघितलं, की ते अपुरं वाटायला लागतं. कारण तिथे दोघंच राहत नाहीत. आजचा लेख या बाकीच्यांबद्दल आहे.

आधी दगडफुलाची ओळख

बाजारात दगडफूल म्हणून जे मिळतं ते बहुतेक वेळा एकाच जातीचं नसतं. पुडीत दोन-चार प्रकार मिसळलेले असतात. त्यातला मोठा हिस्सा 'पार्मोट्रेमा' या प्रजातीतला असतो. (प्रजाती म्हणजे जवळच्या जातींचा गट. आंबा-काजू एका कुळातले, पण प्रजाती वेगळ्या, हे मुलांना आधी सांगून ठेवावं लागतं.) पार्मोट्रेमा पर्लेटम आणि पार्मोट्रेमा टिंक्टोरम ही दोन नावं लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत. जगभरात या प्रजातीच्या सुमारे ३०० जाती आहेत आणि बहुतेक उष्ण, दमट भागातल्या. प्रजातीला हे नाव मासालोंगो या इटालियन अभ्यासकानं १८६० साली दिलं. 'पार्मा' म्हणजे छोटी गोल ढाल आणि 'ट्रेमा' म्हणजे छिद्र. यातल्या काही जातींच्या वाटीसारख्या फळांना मधोमध भोक असतं, त्यावरून हे नाव.

नावात दगड असला तरी ही शैवाकं खडकापेक्षा झाडांच्या सालीवर जास्त दिसतात. महाबळेश्वर, आंबोलीकडे पावसाळ्यानंतर गेलात तर झाडांच्या फांद्यांवर राखाडी-हिरवट झालरी चिकटलेल्या दिसतील, त्यात ही मंडळी असतात. बाजारातला माल हिमालयाच्या उतारांवरून आणि दक्षिणेकडच्या डोंगरांतून गोळा होऊन येतो. तमिळमध्ये याला कल्पासी म्हणतात आणि चेट्टिनाड स्वयंपाक त्याच्याशिवाय होत नाही. म्हणजे गोडा मसाला काही एकटा नाही.

ही 'पानासारखी' शैवाकं आहेत. काही शैवाकं दगडाला रंग फासावा तशी घट्ट चिकटलेली असतात, काही दाढीसारखी लोंबतात. पार्मोट्रेमा मात्र रुंद, लाटा पडलेल्या पाळ्यांनी पसरतं. खालची बाजू काळी, कडेला तपकिरी आणि तुकतुकीत. मधल्या भागात बारीक मुळांसारखे धागे असतात, त्यांनी ते सालीला धरून राहतं. ही मुळं नव्हेत बरं का, ती पाणी शोषायला नाहीत, फक्त पकडीसाठी आहेत. झाडाचं ते काही खात नाही. त्यामुळे शैवाक चढलंय म्हणून झाड मरेल, ही भीती मनातून काढून टाका.

दोघांचा संसार

पार्मोट्रेमाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर सँडविचसारखे थर दिसतात. वर कवकाचं घट्ट आवरण. त्याखाली हिरव्या गोल पेशींचा पातळ थर, हे शैवल. याचं नाव ट्रेबूक्सिया. त्याखाली कवकाच्या तंतूंचा कापसासारखा सैल, पांढरा थर आणि सगळ्यात खाली पुन्हा घट्ट काळं आवरण. म्हणजे घर जवळजवळ सगळं कवकाचं, आणि स्वयंपाकघर तेवढं शैवलाचं. शैवल सूर्यप्रकाशात अन्न तयार करतं आणि त्यातला बराचसा भाग रिबिटॉल नावाच्या साखरेसारख्या पदार्थाच्या रूपात कवकाला देतं. कवक त्याला निवारा देतं, ओल धरून ठेवतं, कडक उन्हापासून वाचवतं.

आज हे आपण सहज शिकवतो, पण पहिल्यांदा सांगणाऱ्या माणसाला खूप ऐकून घ्यावं लागलं होतं. सिमॉन श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञानं १८६७ ते १८६९ या काळात मांडलं, की शैवाक ही एक वनस्पती नसून दोन जीव आहेत. त्यानं वापरलेली उपमाही गोड नव्हती : कवक मालक, शैवल गुलाम. शैवाकांच्या नामवंत अभ्यासकांनी ही कल्पना धुडकावून लावली. आयुष्यभर ज्याला एक जीव मानून नावं दिली, ते दोन निघाले तर कुणाला आवडेल? पुढे १८७९ मध्ये डी बारी या जर्मन शास्त्रज्ञानं सहजीवनाची कल्पना मांडली तेव्हा शैवाक हे त्याचं ठळक उदाहरण होतं. मालक-गुलाम गेले आणि आपल्या पुस्तकात भागीदार आले. खरं सांगायचं तर शैवलाला या भागीदारीत किती फायदा होतो यावर अजूनही वाद घालता येतो. त्यामुळे 'दोघांचाही सारखाच फायदा' असं वर्गात ठामपणे सांगताना मी तरी जरा हात राखून सांगतो.

आता तिसरे, चौथे, पाचवे

शैवाकावर वाढणाऱ्या, पण स्वतः शैवाक न बनवणाऱ्या बुरश्यांचा एक मोठा वेगळा गट आहे. आपण त्यांना सोयीसाठी शैवाकवासी बुरश्या म्हणू. लक्झेंबर्गचे पॉल डीडेरिख, अमेरिकेचे जेम्स लॉरी आणि बेल्जियमचे दामियाँ एर्ट्झ यांनी २०१८ मध्ये त्यांची जगभरची यादी केली. ज्यांना जगायला शैवाकच लागतं, दुसरीकडे कुठेही चालत नाही, अशांची संख्या भरली २०००. आकडा मुद्दाम जुळवल्यासारखा गोल आहे, पण यादीचं शीर्षकच तसं आहे. त्यानंतर त्यात भर पडतेच आहे आणि भारतातूनही अशा बुरश्यांच्या नोंदी होत आहेत.

या बुरश्या आवडीनिवडीच्या बाबतीत फार काटेकोर असतात. बहुतेक जणी एखादीच प्रजाती धरून राहतात. पार्मोट्रेमावरची बुरशी शेजारच्याच फांदीवरच्या दुसऱ्या शैवाकाला हातही लावणार नाही. आपल्या दगडफुलाच्या प्रजातीवरच्या दोघींची ओळख करून देतो.

पहिली अॅब्रोथॅलस पार्मोट्रेमॅटिस. हिच्या नावातच तिचं घर आहे. पार्मोट्रेमाच्या राखाडी पाळीवर मोहरीपेक्षाही बारीक, काळे, फुगीर ठिपके दिसतात, ती हिची फळं. बाकी सगळी ती शैवाकाच्या आत. या गटातल्या बुरश्या यजमानाला सहसा मारत नाहीत. पाळी जिवंत राहते, कधीकधी जरा फुगते, एवढंच. एकोणिसाव्या शतकात अभ्यासकांमध्ये यावरून चांगलाच गोंधळ होता, की हे काळे ठिपके शैवाकाचेच अवयव की कुणी उपरा. घरात इतकं मिसळून राहिलेलं माणूस पाहुणं की घरचं हे ओळखायचं कसं, तसलाच प्रकार.

दुसरी ट्रेमेला पार्मेलिॲरम. हिचं वर्णन डीडेरिख यांनीच १९९६ मध्ये केलं. हिच्यामुळे पाळीवर फिकट तपकिरी ते काळपट फुगीर गाठी येतात, एखाद्या पानावर किडीमुळे गाठी याव्यात तशा. ट्रेमेला म्हणजे जेलीसारख्या बुरश्यांची प्रजाती. चिनी स्वयंपाकात सूप आणि गोड पदार्थांत पडणारी पांढरी 'बर्फ-बुरशी' ही हिचीच चुलत बहीण. या घराण्याची खोड अशी, की त्या दुसऱ्या बुरशीवर जगतात. त्यांच्या तंतूच्या टोकाला फुगीर पेशी असते, तिच्यातून अगदी बारीक दोरी निघते आणि ती दुसऱ्या बुरशीच्या पेशीला जाऊन भिडते. तिथून अन्न ओढलं जातं. म्हणजे बघा, शैवलानं उन्हात अन्न शिजवलं, ते दगडफुलाच्या कवकानं घेतलं आणि त्याच्या ताटातून ट्रेमेलानं उचललं. अन्नसाखळी शिकवताना आपण गवत-टोळ-बेडूक-साप यांच्यापुढे जात नाही, इथे तर नखाएवढ्या जागेत तीन पायऱ्या झाल्या!

सगळ्याच इतक्या सौम्य नसतात. लायकेनोकोनियम नावाची प्रजाती आहे. तिच्यातल्या काही बुरश्या पानासारख्या शैवाकांवर आल्या की आधी डाग पडतो, मग डाग पसरतो, मधला भाग मरून झडतो. आणि काही तर उघड चोर आहेत. डिप्लोस्किस्टिस मस्कोरम हे स्वतः एक शैवाक आहे. पण त्याचं कवक सुरुवातीला क्लॅडोनिया या दुसऱ्या शैवाकात शिरतं, त्याचं शैवल वापरून मोठं होतं आणि पुढे सवडीनं स्वतःच्या पसंतीचं शैवल मिळवतं. हे पार्मोट्रेमाच्या घरात घडत नाही, पण उदाहरण सोडवेना म्हणून दिलं.

याशिवाय डोळ्यांना अजिबात न दिसणारे रहिवासी वेगळेच. बाहेरून निरोगी दिसणाऱ्या शैवाकाचा तुकडा वरून निर्जंतुक करून पोषक माध्यमावर ठेवला, की आतून भलत्याच बुरश्या उगवतात. त्या डाग पाडत नाहीत, गाठी आणत नाहीत. अमेरिकेतल्या एलिझाबेथ अर्नोल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये असं सुचवलं, की झाडांच्या पानांत गुपचूप राहणाऱ्या बुरश्यांच्या पूर्वजांनी अशा राहणीचे पहिले धडे शैवाकांत गिरवले असावेत.

दाराचं कुलूप आणि ते तोडणारा

इतके जण आत शिरायला टपलेले असताना दगडफूल टिकतं कसं? वाढ तर इतकी सावकाश, वर्षाला काही मिलिमीटर. पावसाळ्यात फुगायचं, उन्हाळ्यात कडकडीत वाळायचं, असं वर्षानुवर्षं एकाच फांदीवर बसून. एखाद्या भाकरीला दोन दिवसांत बुरशी येते, मग याला का नाही?

याचं मोठं कारण म्हणजे त्याच्यातली रसायनं. शैवाकाचं कवक कडवट आम्लं तयार करून आपल्या तंतूंवर स्फटिकांसारखी साठवतं. पार्मोट्रेमा पर्लेटममध्ये स्टिक्टिक आम्ल असतं, टिंक्टोरममध्ये लेकॅनोरिक आम्ल. टिंक्टोरम म्हणजे रंगाऱ्यांचं. अशा आम्लांपासून जांभळट रंग काढतात. आपण प्रयोगशाळेत वापरतो तो लिटमसही मुळात शैवाकांपासूनच, फक्त ती शैवाकं वेगळी.

ही आम्लं बऱ्याच बुरश्यांना रोखतात. पण कुलूप म्हटलं की ते तोडणारा आलाच. लॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेले प्रयोग मला फार आवडतात. (हे प्रयोग आपल्या दगडफुलावर नव्हते, पण लेकॅनोरिक आम्ल असलेल्या अमेरिकेतल्या पानासारख्या शैवाकांवर होते.) त्यांना दिसलं, की फ्युजेरियम नावाच्या बुरशीकडे हे आम्ल तोडणारं विकर आहे. नेक्ट्रिया पार्मेली या दुसऱ्या बुरशीकडे ते नाही, त्यामुळे आम्ल असेपर्यंत तिचं काही चालत नाही. फ्युजेरियमनं एकदा आम्ल संपवलं, की मागून नेक्ट्रियाही शैवाकावर वाढायला लागते. दार एकानं फोडायचं आणि घरात दुसऱ्यानं शिरायचं. त्यामुळे शैवाकावर शेवटी जी बुरशी फोफावलेली दिसते, तिनंच सुरुवात केली असेल असं धरून चालता येत नाही.

रोग की सोबत?

इथवर चित्र सोपं होतं. दोन घरचे, बाकी सगळे उपरे. २०१६ मध्ये ते जरा ढवळलं गेलं.

अमेरिकेत मोंटाना भागात केसांसारखी लोंबणारी दोन शैवाकं आहेत. ब्रायोरिया फ्रेमोंटी तपकिरी, तिथले मूळ रहिवासी ते खड्ड्यात भाजून खात आलेत. ब्रायोरिया टॉर्टुओसा पिवळट, कारण त्यात व्हल्पिनिक आम्ल हे विष असतं. गंमत म्हणजे दोघांचं कवक तेच आणि शैवलही तेच. मग एक खायचं आणि एक विषारी, असं कसं? टोबी स्प्रिबिल आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला तेव्हा त्यांना वरच्या आवरणात तिसरंच कुणीतरी सापडलं : एका वेगळ्या कवक-गटातल्या यीस्टच्या पेशी. पिवळ्या शैवाकात त्या जास्त होत्या. मग त्यांनी इतर शैवाकं तपासली, तर कितीतरी प्रकारांत या यीस्टचे नातलग मिळाले. या नातलगांपैकी काही आधीपासून माहीत होते, पण कशा रूपात? शैवाकांवर गाठी आणणाऱ्या बुरश्या म्हणून, आपल्या ट्रेमेलासारख्या. ज्याला रोग समजत होतो तो कदाचित घरातलाच एक सदस्य असून, गाठ ही फक्त त्याची दिसणारी अवस्था असेल, असा प्रश्न उभा राहिला.

त्या वर्षी 'शैवाकात दोन नव्हे, तीन भागीदार' अशा बातम्या जगभर झळकल्या. पण लगेच पुस्तकातलं वाक्य खोडून दोनचे तीन करू नका. २०१९ मध्ये जेम्स लेंडेमर आणि सहकाऱ्यांनी ३३९ जातींच्या शैवाकांतला जनुकीय मजकूर तपासला, तेव्हा ही यीस्ट फार थोड्या जातींत सापडली. म्हणजे काही घरांत तिसरा आहे, बऱ्याच घरांत नाही. जिथे आहे तिथे तो नेमकं काय करतो, यावर काम चालू आहे. मला स्वतःला वाटतं, की मुलांना हा वादच सांगावा. पाठ्यपुस्तकातलं वाक्य कुणीतरी भिंगाखाली बघून लिहिलेलं असतं आणि अजून कुणीतरी बघत असतं, हे त्यांना यातून जितकं कळतं तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही.

आपल्याकडेही असं बघणारे होते आणि आहेत. लखनौमध्ये धरणीधर अवस्थी यांनी भारतीय शैवाकांच्या अभ्यासाचा पाया घातला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत पी. जी. पटवर्धन आणि उर्मिला माखीजा यांनी पश्चिम घाटातल्या शैवाकांवर वर्षानुवर्षं काम केलं. तिथल्या अजरेकर कवकसंग्रहात वाळवलेल्या नमुन्यांचा मोठा ठेवा आहे.

वर्गात काय करून बघता येईल

किराणा दुकानातून दगडफूल आणा. निवडलेलं, चुरा झालेलं नको, जरा मोठ्या पाळ्या असलेलं मागा.

एक पाळी पाण्यात दहा मिनिटं ठेवा. राखाडी रंग हिरवटाकडे झुकतो, कारण ओलं झालं की वरचं आवरण पारदर्शक होतं आणि खालचं शैवल दिसायला लागतं. माल फार जुना असेल तर फरक कमी दिसेल, मग दुसरीकडचा आणून बघा. पाळी हळूच फाडली की आतला पांढरा कापूस दिसतो.

त्या पांढऱ्या भागावर ब्लिचिंग पावडरच्या ताज्या द्रावणाचा एक थेंब टाका. ग्रामपंचायतीत पाण्यासाठी वापरतात ती टीसीएल पावडर चालेल. हे काम शिक्षकांनीच करायचं, खिडकीजवळ, आणि तो तुकडा नंतर फेकून द्यायचा. थेंब पडताच लाल रंग उमटला तर समजा, लेकॅनोरिक आम्ल हजर आहे आणि हातातली पाळी टिंक्टोरमची असण्याची शक्यता बरीच आहे. रंग पटकन उडतो, म्हणून मुलांना आधीच जवळ उभं करा. काहीच झालं नाही तर ती दुसरी जात. पाळीच्या कडेला पापण्यांसारखे काळे केस आणि पिठासारखी भुकटी असेल तर पर्लेटमचा विचार करा. टिंक्टोरमला असे केस नसतात आणि तिच्या पृष्ठभागावर भुकटीऐवजी दाणेदार खरखर लागते.

मग भिंग घ्या आणि वरची बाजू सावकाश तपासा. तपकिरी वाट्या दिसल्या तर ती दगडफुलाची स्वतःची फळं. काळे ठिपके दिसले तर घाई करू नका, कारण शैवाकाला स्वतःचेही सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके येतात. ते विखुरलेले असतात आणि आजूबाजूचा भाग निरोगी असतो. ठिपके एकाच ठिकाणी गर्दी करून असतील, फुगीर असतील, भोवतीचा रंग उडालेला किंवा तपकिरी पडलेला असेल, पाळीवर फोडासारखी गाठ असेल, तर तिथे दुसरं कुणीतरी राहत होतं. तो तुकडा कापून कागदी पुडीत ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, ओल धरून साधी बुरशी येईल आणि सगळाच घोळ होईल. पुडीवर दुकानाचं गाव, तारीख आणि दुकानदारानं माल कुठून आला म्हणून सांगितलं ते लिहा.

माझ्या वर्गातल्या अशा पुड्या खोक्यात जमल्या आहेत. दुकानदारांना माल कुठून येतो विचारलं तर बहुतेकांचं उत्तर एकच : "मार्केटमधून."